चिनी भाषकांना इंग्रजी शब्द शिकवताना: नव्या मराठी शिक्षकांसाठी

ऑनलाइन इंग्रजी शिकवायला लागलात की तैपेई, क्वालालंपूर किंवा शांघायचा एखादा विद्यार्थी आज ना उद्या समोर येतोच. कधी तो विद्यार्थी नसून कंपनीतला सहकारी असतो आणि 'माझ्या ईमेलचं इंग्रजी जरा बघशील का' असं विचारतो. व्याकरणाची पुस्तकं हाताशी असतात. पण ज्याची मातृभाषा आपल्याला येत नाही त्याला शब्दांचे अर्थ आणि वापर कसा शिकवायचा, हे त्या पुस्तकांत नसतं. हा लेख त्यासाठी आहे. चिनी भाषा यायलाच हवी असं नाही, पण तिच्यातले वीसेक शब्द कसे वागतात हे कळलं तर निम्मं काम हलकं होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. चिनी भाषक प्रौढ विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द कमी येतात असं सहसा नसतं. शब्द त्याच्याकडे ढीगभर असतात. अडचण ही की प्रत्येक शब्दासमोर त्याने एकच चिनी अर्थ पाठ केलेला असतो. म्हणून नवे शब्द देत सुटू नका. त्याला आधीच येणारे शब्द वाक्यात नीट बसवायला शिकवा.

पहिल्या तासाआधी

विद्यार्थी कुठला आणि इंग्रजी कुठल्या परीक्षेसाठी शिकला, हे आधी विचारा. चीनच्या मुख्य भूमीवर २००१ च्या धोरणानंतर शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू झालं. पुढे विद्यापीठात 'कॉलेज इंग्लिश टेस्ट' असते. तिची चौथी पातळी १९८७ पासून घेतली जाते. या परीक्षांसाठी शब्दांची जाड पुस्तकं मिळतात आणि त्यातली बरीचशी वर्णक्रमाने लावलेली असतात. त्यामुळे 'अबॅन्डन' हा शब्द तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहे, कारण तो पहिल्याच पानावर येतो. त्याचा वापर मात्र फार थोड्यांना जमतो. विद्यार्थी तुम्हाला सांगेल, 'आय रिसाइटेड फिफ्टी वर्ड्स टुडे.' त्याने कुणापुढे काही म्हणून दाखवलेलं नसतं. पाठ करणे आणि पाठ म्हणून दाखवणे या दोन्हींना चिनीत 'पेइ' हे एकच क्रियापद आहे, म्हणून 'मेमराइज'च्या जागी 'रिसाइट' येतं. पहिल्याच दिवशी मिळणारं हे उदाहरण वहीत टिपून ठेवा.

तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक लिपी चालते. मुख्य भूमी, सिंगापूर आणि मलेशियात सोपी केलेली लिपी वापरतात. ऑनलाइन शब्दकोशाची भाषा त्याप्रमाणे लावा. तैपेईच्या माणसाला सोप्या लिपीतला अर्थ दाखवणं अडाणीपणाचं वाटतं. या सगळ्या ठिकाणचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथल्या रात्री आठचा तास म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. मुख्य भूमीवरच्या शाळकरी मुलांच्या शिकवण्या मात्र घेऊ नका. २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या नियमांनी परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून अशा शिकवण्या घेण्यावर बंदी आली. प्रौढांचं काम भरपूर आहे, तिकडे लक्ष द्या.

चुकीमागचा चिनी शब्द शोधा

चूक ऐकली की दुरुस्त वाक्य लगेच सांगू नका. 'हे चिनीत कसं म्हणाल?' असं विचारा. उत्तरात जो शब्द येईल तोच चुकीचं मूळ असतो. तो देवनागरीत लिहून घ्या. आपल्या लिपीत 'क' आणि 'ख', 'प' आणि 'फ' वेगळे असल्यामुळे चिनी उच्चार रोमनपेक्षा बरे उतरतात, कारण चिनीत हाच फरक अर्थ बदलतो. चढउताराचे सूर आपल्या लिपीत येत नाहीत, तेवढं चालवून घ्या.

'खाइ' या शब्दापासून सुरुवात करा. दार उघडणे, दिवा लावणे, गाडी चालवणे, बैठक घेणे, फूल उमलणे, सगळीकडे हे क्रियापद चालतं. शाळेत त्याचा एकच अर्थ पाठ केलेला असतो: 'ओपन'. मग 'ओपन द लाइट', 'ओपन द एसी' अशी वाक्यं येतात. 'खान' म्हणजे बघणे, पण पुस्तक वाचण्यालाही 'खान', टीव्ही बघण्यालाही 'खान' आणि डॉक्टरकडे जाण्यालाही 'खान'. त्यातून 'सी अ बुक' येतं. 'श्यांग'मध्ये विचार करणे, इच्छा असणे आणि आठवण येणे हे तिन्ही अर्थ आहेत, म्हणून घरापासून लांब राहणारी मुलगी 'आय थिंक माय मदर' म्हणते आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. 'वान' म्हणजे खेळणे, पण मोठी माणसं मित्रांबरोबर भटकायला जातात त्यालाही 'वान'च. चाळिशीतला इंजिनिअर 'आय प्लेड विथ माय फ्रेंड्स' म्हणाला तर त्याला 'हँग आउट' किंवा 'गो आउट' द्या. 'चिए'मध्ये उसने देणे आणि उसने घेणे दोन्ही आले. तिथे 'लेंड टू' आणि 'बॉरो फ्रॉम' अशा जोड्याच पाठ करून घ्या. नुसतं क्रियापद शिकवलं तर गोंधळ कायम राहतो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'रांग'. त्याला थोडा जास्त वेळ द्या. समजा, विद्यार्थिनी म्हणाली, 'माय मदर लेट मी प्ले द पियानो एव्हरी डे.' इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटेल, वा, आईने किती मोकळीक दिली! तुम्ही विचारा, 'तुला आवडायचं का?' ती म्हणेल, अजिबात नाही, रडू यायचं. म्हणजे तिला 'मेड मी' म्हणायचं होतं. 'रांग'मध्ये करू देणे, करायला लावणे आणि करायला सांगणे हे सगळं सामावतं. शब्दांच्या पुस्तकात मात्र त्याच्यासमोर फक्त 'लेट' छापलेलं असतं. मराठी शिक्षकाला इथे मोठा फायदा आहे, कारण 'वाजवू दिलं', 'वाजवायला लावलं' आणि 'वाजवायला सांगितलं' हा फरक आपण विचार न करता पाळतो. तो असा शिकवा: कागदावर एक ओळ आखा, एका टोकाला 'लेट', दुसऱ्या टोकाला 'मेक', मध्ये 'आस्क'. विद्यार्थिनीला तिच्या लहानपणातल्या पाच गोष्टी सांगायला लावा आणि प्रत्येक गोष्ट ओळीवर कुठे बसते ते तिलाच ठरवू द्या. एका बैठकीत हा फरक बसतो, कारण प्रत्येकाच्या लहानपणी तिन्ही प्रकारच्या गोष्टी घडलेल्या असतात.

बघणं आणि दिसणं

चिनी क्रियापदांची एक खुबी समजून घेतली की चुकांचा एक मोठा गठ्ठा एकदम सुटतो. चिनीत प्रयत्न सांगणारं क्रियापद वेगळं असतं आणि तो फळाला आला हे सांगायला त्याला एक शेपूट जोडतात. 'चाव' म्हणजे शोधणे, 'चाव-ताव' म्हणजे सापडणे. 'खान' म्हणजे बघणे, 'खान-चिएन' म्हणजे दिसणे. 'थिंग' ऐकणे, 'थिंग-चिएन' ऐकू येणे. 'श्युए' शिकणे, 'श्युए-हुइ' शिकून येऊ लागणे.

इंग्रजी इथे दोन निरनिराळे शब्द वापरते: 'लुक फॉर' आणि 'फाइंड', 'लुक' आणि 'सी', 'लिसन' आणि 'हिअर', 'स्टडी' आणि 'लर्न'. विद्यार्थी शेपूट विसरतो आणि 'आय फाउंड माय कीज फॉर टू अवर्स' म्हणतो. त्याला व्याख्या देऊ नका, त्याच्याच भाषेतली ही जोडी आठवून द्या. शोधणं-सापडणं, बघणं-दिसणं हा आपलाही रोजचा फरक असल्यामुळे तुम्ही तो आत्मविश्वासाने शिकवू शकता. इंग्रजीत 'बघितलं पण दिसलं नाही' हे 'आय लुक्ड बट आय डिडन्ट सी इट' असं जसंच्या तसं येतं. हे वाक्य चारही जोड्यांवर फिरवून घ्या.

आपले कान कुठे दगा देतात

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथे. मराठी आणि चिनी जिथे एकसारख्या चालतात तिथे विद्यार्थ्याची चूक आपल्याला ऐकूच येत नाही. तो चुकतो, आपण मान डोलावतो आणि ती चूक महिनोन्‌महिने राहते.

'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' चिनीतही नेमकं असंच, 'स्वेइ-रान' आणि पुढे 'तान-श' अशी जोडी. म्हणून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' हे वाक्य आपल्याही कानाला खटकत नाही. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवायचं असतं. 'बिकॉज' आणि 'सो' एका वाक्यात येतात, तिथेही हाच नियम.

'लाइट बंद कर', 'दार बंद कर'. आपलं क्रियापद एकच, चिनीतही दोन्हीकडे 'क्वान'. मग 'क्लोज द लाइट' दोघांनाही बरोबर वाटतं. इंग्रजीत दिव्याला 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' हवं. आपण गोळी खातो, तेही औषध खातात. इंग्रजीत ते 'टेक' होतं.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर तर हमखास फसवतं. 'तुला कॉफी आवडत नाही?' याला आपण 'हो, नाही आवडत' म्हणतो आणि चिनी माणूसही तसंच म्हणतो. इंग्रजीत त्या जागी 'नो' येतो. विद्यार्थ्याने नुसतं 'येस' म्हटलं तर ऐकणारा कॉफीचा कप पुढे करेल. अशा प्रश्नांना एका शब्दात उत्तर द्यायचंच नाही, 'नो, आय डोन्ट' असं पूर्ण म्हणायचं, अशी शिस्त पहिल्या आठवड्यापासून लावा.

यावर उपाय म्हणजे स्वतःच्या कानापेक्षा शब्दकोशावर भरवसा ठेवणं. एखादं वाक्य बरोबर 'वाटलं' तरी महत्त्वाचा शब्द तपासा. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवणाऱ्यांनीही ही सवय सोडू नये.

शब्द एकटा लिहायचा नाही

विद्यार्थ्याच्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे चिनी अर्थ अशी दोन रकान्यांची यादी असते. ती बंद करायला सांगा. त्याऐवजी प्रत्येक शब्दाच्या तीन ओळी: शब्द ज्या शब्दांसोबत येतो ती जोडी, शब्दकोशातलं एक वाक्य आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. चिनी अर्थ लिहायला मनाई नको, पण तो सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात.

असं का, ते पावसावरून कळतं. आपला पाऊस मुसळधार, चिनी पाऊस 'मोठा', इंग्रजी पाऊस 'हेवी'. चहा आपल्याकडे कडक, चिनीत दाट, इंग्रजीत 'स्ट्राँग'. यामागे कसलंही तर्कशास्त्र नाही, शब्दाची सोबत पाठच करावी लागते. रहदारीला 'क्राउडेड' नको, 'हेवी' हवं. 'प्राइस' महाग नसते, 'हाय' असते; महाग असते ती वस्तू. 'लर्न नॉलेज' हे तुम्ही शंभरदा ऐकाल, त्याजागी 'गेन' द्या किंवा नुसतं 'लर्न अ लॉट' पुरे. 'फांग-पिएन' म्हणजे सोयीचं. त्यावरून 'आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?' असा प्रश्न येतो. इंग्रजीत माणूस सोयीचा नसतो, वेळ सोयीची असते: 'इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?' ऑफिसात काम करणाऱ्याला हे वाक्य आधी शिकवा, कारण त्याला ते रोज लागतं.

अनेकवचनाचं थोडक्यात. चिनीत नामाचं रूप बदलत नाही, म्हणून सुरुवातीला 'थ्री बुक' येतं. ते दुरुस्त केलं की विद्यार्थी सगळ्यालाच 'एस' लावतो: 'अॅडव्हाइसेस', 'इन्फर्मेशन्स', 'होमवर्क्स'. चिनीत मोजताना नामाआधी मापाचा शब्द लागतोच, त्यामुळे 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस' ही रचना त्यांना चटकन पटते. 'ही' आणि 'शी' यांची अदलाबदल होते, कारण बोलताना दोन्हींना 'था' असंच म्हणतात. त्यावर हसू नका, प्रत्येक वेळी अडवूही नका. सरावाने ते सुटतं.

आकडे आणि नाती

आकड्यांवर एक पूर्ण तास द्या. चिनी माणूस चार-चार आकड्यांचे गट करून मोजतो. त्याचा 'वान' म्हणजे दहा हजार, 'यी' म्हणजे दहा कोटी. (खेळण्याचा 'वान' वेगळ्या सुरात म्हणतात.) इंग्रजी तीन-तीनचे गट करते आणि आपण तीन, मग दोन-दोन. फळ्यावर एकच संख्या तीन प्रकारे लिहा:

आपली: १२,३४,५६,७८९
इंग्रजी: १२३,४५६,७८९
चिनी: १,२३४५,६७८९

विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव बघा, कारण बहुतेक शिक्षकांना त्याची अडचण मुळात समजतच नाही. लाखाचं मिलियन करताना आपण जे मनात करतो तेच त्याला करावं लागतं. त्याच्यासाठी दोन खुणा पुरतात: शंभर 'वान' म्हणजे एक मिलियन, दहा 'यी' म्हणजे एक बिलियन. चीनची लोकसंख्या त्याच्या तोंडी चौदा 'यी', आपल्या तोंडी एकशे चाळीस कोटी, इंग्रजीत एक पूर्णांक चार बिलियन. घरभाडं, पगार, शहरांची लोकसंख्या असे खरे आकडे घेऊन सराव करा.

नात्यांच्या शब्दांत तुम्ही दोघं एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला. काका-मामा, आत्या-मावशी हा भेद त्यांच्याकडेही आहे, आणि वडिलांचा थोरला भाऊ 'पो-पो', धाकटा 'शू-शू' असा आणखी बारकावा आहे. इंग्रजीत सगळे 'अंकल'. विद्यार्थी 'अंकल' शब्दावर अडखळला तर तो शब्द त्याला येत नाही म्हणून नव्हे, तो फार तोकडा वाटतो म्हणून. 'माय मदर्स यंगर ब्रदर' असं वर्णन करायला शिकवा. इंग्रजी बोलणाऱ्याला तेवढी माहिती सहसा नको असते, हेही सांगा.

रंग, ड्रॅगन आणि प्रचार

काही शब्दांचा अर्थ जुळतो, पण त्यांच्यामागचा भाव जुळत नाही. ज्याला इंग्रजीत 'ब्लॅक टी' म्हणतात तो चिनीत 'होंग-छा', म्हणजे लाल चहा. 'ब्राउन शुगर'ही तिथे लालच. चिनी ड्रॅगन मंगल आणि पराक्रमी, मुलाने ड्रॅगन व्हावं ही आईवडिलांची इच्छा असते. इंग्रजी गोष्टींतला ड्रॅगन मारायचा असतो. 'शुआन-छुआन' म्हणजे प्रचार किंवा प्रसिद्धी, त्यात तिथे काही वावगं नाही. पण कंपनीच्या माहितीपत्रकासाठी विद्यार्थ्याने 'प्रोपगंडा' वापरलं तर ग्राहक दचकेल. 'पब्लिसिटी' किंवा 'प्रमोशन' सुचवा.

चिनीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचीही ओळख करून द्या, विद्यार्थ्यांना त्याचा फार आनंद होतो. हुरूप द्यायला म्हणतात ते 'चिया-योउ', शब्दशः 'तेल घाला', हाँगकाँगच्या इंग्रजीतून 'अॅड ऑइल' म्हणून २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत दाखल झालं.

तास घेताना

विद्यार्थी तुम्हाला नुसतं 'टीचर' अशी हाक मारेल. चिनीत शिक्षकाला 'लाव-श' म्हणतात, आपण 'सर' किंवा 'बाई' म्हणतो तसंच ते आदराचं आहे. तुमच्याशी बोलताना चालू द्या, पण बाहेर इंग्रजीत शिक्षकाला नावाने हाक मारतात हे एकदा सांगा. मुख्य भूमीवरचा, विशेषतः मोठ्या वयाचा विद्यार्थी असेल तर तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे सांगताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा उल्लेख करा. ते १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. तिथे त्यांना 'ख ती-हुआ' या नावाने ओळखतात. पहिल्या तासातला अवघडलेपणा त्याने जातो.

'समजलं का?' असं विचारू नका. उत्तर 'येस'च येणार, कारण समजलं नाही म्हणणं शिक्षकाचा अपमान वाटतो. त्याऐवजी 'या शब्दाने तुमच्या साहेबांबद्दल एक वाक्य करा' असं सांगा. चुका चारचौघांत दाखवू नका. गटाचा वर्ग असेल तर तासानंतर खाजगी संदेशात पाठवा. एका तासात सात-आठ शब्दांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि त्यातले निम्मे त्याला आधीच 'येणारे' असू द्या.

शब्दकोश शिकणाऱ्यांसाठीचाच वापरा. लाँगमनच्या १९७८ च्या शब्दकोशाने सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत लिहिण्याची पद्धत रुळवली. कोलिन्स कोबिल्डने १९८७ मध्ये अर्थच पूर्ण वाक्यात दिला, म्हणजे अर्थ वाचतानाच वापर कळतो. चिनी भाषकांसाठी मला कोबिल्ड जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यातून शब्द एकटा उचलताच येत नाही. शब्दांच्या जोड्या तपासायला 'स्केच इंजिन'चं 'स्केल' हे मोफत साधन आहे. त्यात 'ट्रॅफिक' टाकलं की त्याच्यासोबत येणारी विशेषणं समोर येतात. हे विद्यार्थ्याकडूनच करून घ्या, स्वतः करून देऊ नका.

घरचा अभ्यास एवढाच द्या: आठवड्यात स्वतः लिहिलेल्या ईमेल किंवा संदेशांतून तीन वाक्यं निवडून आणायची, जिथे शब्द बरोबर आहे की नाही याची खात्री वाटली नाही. नावं आणि कंपनीची माहिती खोडून आणायला सांगा. ती वाक्यं पडद्यावर ठेवा, प्रत्येकाखाली त्यामागचं चिनी वाक्य लिहून घ्या आणि पुढच्या तासाची सुरुवात तिथून करा.